अक्रोड खा आणि विसरून जा

अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो मेंदूला चांगला. हा शोध पहिल्यांदा कुणी लावला देव जाणे, पण मोबाईलवर तो रोज सकाळी नव्याने लागतो. या न्यायाने जिलबी आतड्यांना चांगली असायला हरकत नाही. तसा निरोप अजून आलेला नाही, एवढंच.

पन्नाशी ओलांडली की माणसाला मेंदूची काळजी लागते. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. समोरचा चेहरा ओळखीचा, नाव अगदी ओठांवर, पण बाहेर पडायला तयार नाही. मग रात्री छताकडे बघत पडायचं. आपल्याला ‘ते’ तर नाही ना होत आहे?

‘ते’ म्हणजे डिमेन्शिया. शब्द आठवतोय तोवर ठीक आहे.

मग डॉक्टरांना पहिला प्रश्न ठरलेला: “काय खाऊ?”

काय सोडू, असं विचारणारा पेशंट अजून जन्माला यायचाय.

खायला सांगितलं की आपण फार आज्ञाधारक. भिजवलेले बदाम, अक्रोड, उपाशीपोटी चमचाभर तूप, रात्री हळदीचं दूध. आणि हे सगळं नेहमीच्या खाण्याऐवजी असेल असं समजू नका. ते त्याशिवाय. पोहे आहेतच, चहा आहेच, चहासोबत खारी आहेच. मेंदूच्या नावाखाली चार-पाचशे कॅलरी जादा जातात आणि त्या नेमक्या कुठे जाऊन बसतात, ते पँटच्या हुकाला विचारा.

हळदीची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी.

हरियाणात बल्लभगड नावाचं गाव आहे. त्याच्या आसपासच्या खेड्यांत १९९०च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून म्हाताऱ्या माणसांची पाहणी केली. पासष्टीपुढच्या हजार माणसांमागे वर्षाला अल्झायमरचे, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकाराचे, नवे रुग्ण निघाले पाचाहूनही कमी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अशाच पाहणीत हाच आकडा होता सतराच्या वर. संशोधक शहाणे होते. त्यांनी लिहून ठेवलं की इथे आयुर्मान कमी आहे, आजार झालेला माणूस फार दिवस जगत नसेल, आमचा पाठपुरावाही थोड्याच काळाचा आहे. खरा फरकही असू शकेल, पण जपून बोला.

जपून बोलायचं? जगाने त्यातून एकच वाक्य उचललं: भारतीय लोक हळद खातात.

बल्लभगडचा म्हातारा जन्मभर शेतात राबला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. राबणं कॅप्सूलमध्ये भरता येत नाही ना.

पुढे हळदीतल्या कर्क्युमिनच्या रीतसर चाचण्याही झाल्या. हाँगकाँगमधल्या एका चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला, कॅलिफोर्नियातल्या दुसरीचा २०१२ मध्ये. अल्झायमरच्या रुग्णांना काडीचा फरक पडला नाही. मुळात कर्क्युमिन पोटातून रक्तात उतरायलाच नाखूश असतं. मेंदूपर्यंत पोचायची बात दूरच.

हळदीने जखम भरते, याचं पेटंट एका अमेरिकी विद्यापीठाला मिळालं होतं. डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने भांडून ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. ती लढाई कागदपत्रं दाखवून जिंकली. मेंदूची लढाई आपण कागद न दाखवताच जिंकून मोकळे झालो.

आणि आज? देशभर घेतलेल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के. म्हणजे साधारण ८८ लाख माणसं.

सगळी हळद घालूनच आमटी खाणारी.

बरं, मग खाण्याचा आणि मेंदूचा काहीच संबंध नाही का? आहे की. चांगला घट्ट आहे. फक्त तो आपल्याला हवा तसा नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के आणि ऊर्जेचा खर्च २० टक्के. एकत्र कुटुंबात असा एक मेंबर असतोच. या मेंबरला अखंड रक्त लागतं, आणि ते येतं केसाहून बारीक नळ्यांतून. वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि चढलेला रक्तदाब या नळ्या आतून खराब करत राहतात. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की आठवणींचा कारभार पाहणाऱ्या भागालाही त्याची झळ पोचते. हे एका रात्रीत होत नाही. वीस-वीस वर्षं चालतं आणि त्या काळात दुखत काहीच नाही.

दुखत नाही, म्हणजे नाहीच. हे आपलं जुनं वैद्यकशास्त्र.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या सुझान डे ला मॉन्टे यांच्या गटाने अल्झायमरला ‘टाइप ३ डायबेटीस’ म्हणून टाकलं. नाव झकास होतं, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर शोभून दिसलं. पण तुमच्या फाइलवर असं निदान कुठलाही डॉक्टर लिहिणार नाही. नाकातून इन्सुलिन फवारूनही पाहिलं. २०२० मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि फायदा काही दिसला नाही.

मग आली सगळ्यांची लाडकी सेमाग्लुटाइड. साखर उतरवते, वजन उतरवते, आणि बँक बॅलन्सही उतरवते. तिने मेंदूही वाचेल अशी मोठी आशा होती. अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या पावणेचार हजारांवर रुग्णांवर तिची गोळी वापरून पाहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ऱ्हासाचा वेग मंदावला नाही.

आजार सुरू झाल्यावर गोळी. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली पद्धत आता जागतिक झाली म्हणायची.

वेळ केव्हा असते मग? लंडनच्या सरकारी नोकरांवर कित्येक दशकं चाललेला एक अभ्यास आहे, व्हाइटहॉल नावाचा. त्यातून २०२१ मध्ये दिसलं ते असं: सत्तरीला पोचताना ज्यांचा मधुमेह दहा वर्षांहून जुना होता, त्यांना डिमेन्शियाचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या दुप्पट. सत्तरीच्या तोंडावर मधुमेह झालेल्यांत तसं फारसं दिसलं नाही. म्हणजे भीती वाटायला हवी चाळिशीत. वाटते सत्तरीत.

चाळिशीत आपण काय करतो? “थोडी बॉर्डरवर आहे” म्हणतो.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी लोक या बॉर्डरवर आहेत. एवढे लोक सीमेवर उभे असताना घरचे बिनधास्त झोपतात कसे?

रक्त तपासायचं ठरलं की त्याआधीचे तीन दिवस बघण्यासारखे असतात. गोड बंद, भात अर्धा, संध्याकाळी तरातरा फेरी. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास. फास्टिंग शुगर फसतेही बिचारी. पण एचबीएवनसी नावाची बया मागच्या तीन महिन्यांचा पंचनामा काढते. त्यात गणपतीचे मोदक, भाच्याचं लग्न आणि ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक, सगळं निघतं. रिपोर्ट हातात आला की पेशंट काय म्हणतो? “लॅब बदलायला पाहिजे.”

“पण मी तर बारीक आहे!” हा पुढचा बचाव.

यावर पुण्यातच उत्तर तयार आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के. आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला दोघेही सडपातळ!

संशोधकाने स्वतःचंच पोट पुराव्याला लावावं, याला धाडस लागतं. आपण तर फोटो काढतानाही श्वास आत घेतो.

तेव्हा वजनकाट्याशी भांडू नका, कमरेला टेप लावा. आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. त्याच्या वर गेलात की बारीक हातपाय साक्षीला आणू नका. मात्र आपली कंबर आपल्या घरात कुणाला ठाऊक नसते. ठाऊक असते ती नाक्यावरच्या आल्टरवाल्याला. दर दिवाळीला पँटची मागची शिवण उसवून अर्धा इंच सोडणारा तो गृहस्थ आपल्याबद्दल फॅमिली डॉक्टरपेक्षा जास्त जाणतो. कपड्यात आता सोडायला जागा नाही, हे सांगण्याचं धाडसही त्याच्याकडेच आहे.

उपासाचं विचारू नका. एकादशी दुप्पट खाशी, हे पूर्वजांनीच सांगून ठेवलंय. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, गुळातली रताळी, वरईचे तांदूळ आणि वर राजगिऱ्याचा लाडू. स्टार्चवर स्टार्च, तुपात परतलेला. देवाला पोचत असेलही. साखर मात्र तासाभरात पोचते.

महाराष्ट्राने तर खाण्यावरून महायुद्धही पाहिलंय. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणाले, दिवसातून दोनदाच जेवा. ऋजुता दिवेकर म्हणाल्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. घराघरांत दोन तट पडले. तिसरा तट मोठा निघाला. त्याने दोघांचंही ऐकलं: दोनदा भरपेट जेवायचं आणि मधे दर दोन तासांनी खायचं.

शास्त्रज्ञांचंही खाण्याच्या बाबतीत सगळं सुरळीत आहे, असं समजू नका. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी २०१५ मध्ये ‘माइंड’ नावाचा आहार मांडला. हिरव्या पालेभाज्या, डाळी, दाणे, बेरी, ऑलिव्ह तेल. मिठाई, तळण, लोणी कमी. जे हा आहार नीट पाळत होते, त्यांच्यात अल्झायमरचं प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी दिसलं. बातम्याच बातम्या!

मग रीतसर चाचणी झाली. ६०४ माणसं, तीन वर्षं. २०२३ मध्ये निकाल आला. ‘माइंड’ खाणारे आणि नुसतंच थोडं कमी खाणारे, दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांचं वजन पाचेक किलोने उतरलं आणि दोन्ही गटांची बुद्धी थोडी सुधारली.

बातम्या? छे. ‘कमी खा’ ही बातमी होऊ शकते का?

शिवाय एक साधा घोळ असतोच. पालेभाजी नियमाने खाणारा माणूस बहुधा चालतोही, सिगारेट ओढत नाही, शिकलेला असतो, खिशात पैसेही बाळगून असतो. मग श्रेय कुणाचं? पालकाचं? पालकाला याबद्दल कुणी विचारलंय का?

आपल्याकडे या आहाराचं भाषांतरही मजेशीर झालं. काचेच्या डबीतली परदेशी ब्लूबेरी घरात आली. शेपू, चाकवत, अंबाडी तशाच टोपलीत सुकत राहिल्या. शेपूची जुडी दिसली की नाक मुरडणारा माणूस मूठभर ब्लूबेरीला ‘ब्रेन फूड’ म्हणतो. शेपूचं चुकलंच. तिने इंग्रजी नाव लावून यायला हवं होतं.

पुण्यातूनच आणखी एक आकडा. मध्यमवयीन पुरुषांच्या एका पाहणीत दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व मिळतं दूध, अंडी, मासे, मटणातून. ते फार कमी झालं तर विसरभोळेपणा येतो, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. वेळेवर सापडलं तर गोळ्या-इंजेक्शनांनी पुष्कळ सुधारतंही. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची रोजची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी उतरतं. आता हिशेब बघा. घरी साजूक तूप आणि किलोभर अक्रोड येतात. बी-१२ची तपासणी सांगितली की “कशाला उगाच, वयच झालंय आता.”

याच्या उलटं टोकही आहे. सासूबाई ब्याऐंशीच्या. गुडघे गेलेले, भूक मेलेली. त्यांच्या ताटातली चमचाभर बासुंदी सूनबाईने काढून घेतली, कारण तिने साखरेवरचा व्हिडिओ पाहिला. अहो, त्या वयात वजन आपोआप उतरणं हीच काळजीची खूण असते. डिमेन्शियात तर निदानाच्या आधीपासूनच वजन घसरू शकतं. म्हातारीचं खाणं तोडायचं नसतं, वाढवायचं असतं. साखर सोडायची आहे ती त्या बेचाळीस वर्षांच्या चिरंजीवांनी, जे दोन वाट्या बासुंदी रिचवून सोफ्यावर आडवे झालेत.

लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ गोष्टींची यादी दिली. त्या सगळ्या सुधारल्या तर जगातले ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा निदान लांबवता येतील, असा त्यांचा हिशेब. उरलेल्यात वय आहे, जनुकं आहेत. म्हणून ज्याला आजार झाला त्याच्या घरी जाऊन “खाण्याकडे लक्ष नव्हतं वाटतं?” असं विचारू नका. अशा भेटीपेक्षा फोन न केलेला बरा.

या यादीत गंमत आहे. ‘आहार’ असा वेगळा मथळाच नाही! आहाराची कर्तृत्ववान मुलंबाळं मात्र आहेत: मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, वाईट कोलेस्टेरॉल. आणि अख्ख्या यादीत सगळ्यात मोठा वाटा दोघांना सारखाच, ७ टक्के. एक ते कोलेस्टेरॉल. दुसरं काय असेल?

बहिरेपण.

ऐकू येईना की माणूस गप्पांतून उठतो, उठला की एकटा पडतो, मेंदूला काम उरत नाही. उपाय कानातलं मशीन. पण मशीन लावलं तर म्हातारे दिसू ना! त्यापेक्षा टीव्हीचा आवाज वाढवणं सोपं. शेजाऱ्यांचे कान गेले तर जावोत.

त्या १४ गोष्टींत लहानपणी शाळा न मिळणं हेही आहे, ५ टक्के. ८८ लाखांचा आकडा देणाऱ्या आपल्या पाहणीत बायकांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघालं, खेड्यांत शहरापेक्षा जास्त. नवल आहे? जिला चौथीतून काढून धाकट्या भावाला सांभाळायला बसवलं, जी जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली, उरलेला भात फुकट जाऊ नये म्हणून संपवत राहिली, तिची साखर कधी कुणी तपासली का? नवऱ्याची दर तीन महिन्यांनी व्हायची. सोबत जाऊन खुर्चीवर बसायची ती.

तिला आता बदाम भिजवून देतात.

फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांनी १,२६० माणसांवर दोन वर्षं सगळंच एकदम करून पाहिलं. नीट खाणं, व्यायाम, डोक्याला काम, रक्तदाब-साखरेवर नजर. २०१५ मध्ये निकाल आला: नुसता सल्ला घेऊन गेलेल्यांपेक्षा यांची बुद्धी जरा जास्त तरतरीत. अमेरिकेने तसंच करून पाहिलं, २०२५ मध्ये त्यांचंही साधारण तेच. शिस्तीत करणाऱ्यांना थोडं जास्त, मोघम करणाऱ्यांनाही थोडं. चमत्कार नाही, पण शून्यही नाही. शिवाय यातला एकही प्रकार मेडिकलच्या काउंटरवर मिळत नाही. म्हणूनच त्याची जाहिरात तुम्ही पाहिलेली नसते.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासायची योजना आपल्याकडे आहे. फुकट असल्यामुळे अर्थातच रस्ता मोकळा आहे. त्या रक्तदाबाच्या पट्ट्याला कुणीतरी ‘स्मृतिवर्धक’ असं नाव द्यावं आणि अठराशे रुपये किंमत लावावी. पहाटे पाचपासून रांग लागेल.